तीन वर्षांच्या एलएलबीचे दार बंद करू नका : आमच्या विधी महाविद्यालयाच्या नियामक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश देऊ नयेत आणि त्या वर्गखोल्या विनाअनुदानित पाच वर्षांच्या बीबीए एलएलबीच्या वाढीव तुकडीला द्याव्यात, असा ठराव मंडळाने केला आहे. आम्हां माजी विद्यार्थ्यांना तो कळला तो कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावलेल्या चार ओळींच्या सूचनेतून. ठरावाची प्रत मागितली, ती मिळाली नाही. भेटीची वेळ मागितली, तर ‘प्रवेशप्रक्रिया आटोपल्यावर पाहू’ असे सांगण्यात आले. प्रवेशप्रक्रिया आटोपल्यावर भेटून बोलण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

महाविद्यालयाचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेलच. शिवाय अशाच जुन्या खासगी विधी महाविद्यालयांतून शिकलेल्या इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी हे वाचावे आणि आपापल्या संस्थेत काय चालले आहे तेही पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगते. मी एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. वाटपाचे दावे, मनाईहुकुमाचे अर्ज, पोटगी, न वटलेल्या धनादेशांच्या, म्हणजे कलम एकशे अडतीसच्या फिर्यादी, जामीन, वारस नोंदी असे माझे रोजचे काम. बारावीला असताना मला वकील व्हायचे नव्हते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मानणाऱ्या घरात मी वाढले. बी.कॉम. झाले, लग्न झाले, एका पतसंस्थेत संध्याकाळच्या पाळीला रोखपालाची नोकरी लागली. वडील गेल्यानंतर आईचे नाव सातबाऱ्यावर लावताना जे हेलपाटे पडले, त्यातून कायदा शिकावा असे पहिल्यांदा वाटले. तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती आणि पदरात मूल होते. त्या वयात, त्या परिस्थितीत माझ्यासाठी एकच दार उघडे होते : आपल्या महाविद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. सकाळी आठला तास सुरू होत, दुपारी दीडला सुटत, आणि संध्याकाळी पतसंस्थेचे शटर उघडायला मी हजर असे.

माझ्या वर्गात एसटीचे एक वाहक होते, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका होती, सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, बाजार समितीत हमाली करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा होता, नवऱ्याने टाकलेली आणि स्वतःची पोटगीची केस स्वतःच समजून घ्यायला आलेली एक बाई होती. त्यांच्यापैकी एक जण आज सहायक सरकारी अभियोक्ता आहे, एक न्यायाधीश आहे. बाकीचे बहुतेक जण तालुक्यातालुक्यांच्या बार रूममध्ये बसतात आणि ज्यांना शहरातला वकील परवडत नाही त्यांची कामे चालवतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात यातले कोणीही आले नसते, कारण तो बारावीनंतर लगेच, घरच्यांच्या पैशावर, दिवसभर शिकू शकणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्यासाठी तो जरूर असावा. पण त्याला जागा करून देण्यासाठी आमच्यासारख्यांना बाहेर काढू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

आपल्या भागात कायद्याचे शिक्षण कसे आले, हे मंडळातल्या नव्या सदस्यांना माहीत असेलच असे नाही, म्हणून थोडे सांगते. मुंबईत सर अर्स्किन पेरी यांच्या नावाने १८५५ साली न्यायशास्त्राचे अध्यापकपद सुरू झाले आणि त्यातून सरकारी विधी महाविद्यालय उभे राहिले. पुढे कित्येक दशके कायदा शिकायचा तर मुंबई गाठावी लागे. मुंबईत राहण्याचा खर्च पेलणारा मुलगाच वकील होई. लोकमान्य टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी लॉ क्लास चालवला तो याच काळात. १९२३ साली इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि १९२४ साली पुण्यात तिचे विधी महाविद्यालय सुरू झाले, ज. र. घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य. सरकारच्या भरवशावर न राहता समाजाने वर्गणी काढून कायद्याचे महाविद्यालय चालवायचे, ही कल्पना तिथे रुजली. पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड तिथेच शिकले, यशवंतराव चव्हाणही तिथलेच विद्यार्थी. त्याच १९२३ साली स्त्रियांना वकिली करण्यास असलेली आडकाठी दूर करणारा कायदा झाला. मी काळा कोट घालते तो या दोन्ही गोष्टींमुळे, असे मी मानते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणात काय सुधारणा हव्यात यावर त्यांनी १९३६ साली लेख लिहिला. त्यांनीच १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. पोट भरण्यासाठी काम करणाऱ्यालाही शिकता आले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. आपल्या महाविद्यालयाच्या संस्थापकांनीही तोच विचार केला होता. स्वातंत्र्यापूर्वी जिल्ह्यातल्या वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून हे महाविद्यालय उभारले आणि संस्थेच्या घटनेत ‘या जिल्ह्यातील सामान्य स्थितीतील पदवीधरांस कायद्याचे शिक्षण सुलभ व्हावे’ हा उद्देश लिहिला. ती घटना आजही बदललेली नाही. जाहीर केलेला ठराव त्या उद्देशात कुठे बसतो, हे मंडळाने सांगावे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

सर्वांत आधी वेळेचा मुद्दा, कारण बाकीचे सगळे त्यातून निघाले आहे. फलकावरच्या सूचनेत कारण दिले आहे ते ‘घटता प्रतिसाद’. प्रतिसाद कसा घटला? वकिली आणि कायदेशिक्षण यांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत वर्ग घेता येतात, रोज किमान पाच तास आणि आठवड्याला किमान तीस तास काम व्हावे लागते. सकाळी आठ ते दीड ही वेळ त्या नियमात बसत होती आणि वर्षानुवर्षे चालत होती. पाच वर्षांच्या तुकड्यांना सकाळच्या खोल्या हव्यात म्हणून मंडळाने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेळ बदलून साडेदहा ते साडेचार केली. दुपारनंतर काम करून शिकणाऱ्यांचे त्या दिवशीच शिक्षण सुटले. काहींनी नोकरी सोडली, अनेकांनी महाविद्यालय सोडले, आणि जे आले असते ते आलेच नाहीत. त्यात राज्याच्या सीईटीच्या प्रवेशफेऱ्या लांबत जातात, वर्ग उशिरा सुरू होतात, वाट पाहून कंटाळलेला पदवीधर दुसरीकडे वळतो. ही दोन्ही कारणे दूर करण्याचा प्रयत्न न करता, जागा रिकाम्या राहिल्या एवढेच पाहून अभ्यासक्रम बंद करायचा, हे मला मान्य नाही. वेळ बदलण्याआधी पहिल्या वर्षाला किती प्रवेश होते आणि नंतर किती झाले, हे आकडे मंडळाकडे आहेत. ते जाहीर करा. लोकांना स्वतःच ठरवता येईल.

दुसरा मुद्दा अनुदानाचा. यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण वकिलांनाही हा इतिहास फारसा आठवत नाही. एके काळी महाराष्ट्रात कला, वाणिज्य, विज्ञान इतकेच नव्हे तर इतर व्यावसायिक शाखांच्या खासगी महाविद्यालयांनाही सरकारी अनुदान मिळे, पण खासगी विधी महाविद्यालयांना मिळत नसे. प्राध्यापकांना पगार अपुरा, निवृत्तिवेतन नाही. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले ते असे : राज्यघटनेचे कलम ३९-अ गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याचे बंधन राज्यावर घालते. ती मदत द्यायची तर प्रशिक्षित वकील हवेत, वकील हवेत तर पुरेशी आणि चांगली विधी महाविद्यालये हवीत. सरकार स्वतः ती काढू शकत नसेल, तर मान्यताप्राप्त खासगी विधी महाविद्यालये नीट चालावीत म्हणून त्यांना इतर शाखांप्रमाणे अनुदान दिले पाहिजे. कलम २१ आणि कलम ३९-अ एकत्र वाचून न्यायालयाने हा निष्कर्ष काढला.

म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या तीन वर्षांच्या तुकडीला मिळणारे अनुदान ही सरकारची मेहेरबानी नाही. गरीब पक्षकाराला वकील मिळावा म्हणून न्यायालयाने घालून दिलेल्या साखळीतला तो एक दुवा आहे. तो मिळवण्यासाठी आधीच्या पिढीतल्या प्राध्यापकांनी आणि वकिलांनी कित्येक वर्षे न्यायालयात घालवली. आज मंडळ स्वतःहून अनुदानित तुकडी बंद करते आणि तिच्या जागी पूर्ण शुल्कावर चालणारी तुकडी आणते. अनुदानित तुकडीचे वार्षिक शुल्क काही हजारांत आहे, नव्या तुकडीचे लाखाच्या घरात जाईल असे कार्यालयातूनच सांगितले जाते. हा फरक कोण भरणार? हमालाचा मुलगा भरू शकणार नाही, पतसंस्थेतली रोखपाल भरू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सनदेचे, म्हणजे वकिलीच्या परवान्याचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा अधिक घेता येणार नाही असे ठरवले. व्यवसायात येण्याचा उंबरठा पैशामुळे उंच होऊ नये, असा त्यामागचा विचार. सनद ७५० रुपयांत मिळणार असेल, पण पदवीच सामान्यांच्या आवाक्याबाहेर जाणार असेल, तर त्या निकालाचा उपयोग आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना होणार नाही.

तिसरा मुद्दा शिकवण्याचा. अनुदानित तुकडीवरची मंजूर पदे रिकामी होत गेली आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम भागवले गेले. पदे भरण्याची परवानगी सरकारकडून वेळेवर येत नाही, हे खरे आहे आणि त्याचा दोष मंडळाचा नाही. मात्र परवानगी मिळावी म्हणून मंडळाने किती प्रस्ताव पाठवले, किती वेळा पाठपुरावा केला, हेही कुणाला कळलेले नाही. तासिका तत्त्वावर येणारे तरुण शिक्षक मन लावून शिकवतात, हे मी माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलांकडून ऐकते. त्यांना वर्षाचे सलग काम मिळत नाही, सुट्टीचा पगार मिळत नाही, आणि जून उजाडला की पुन्हा मुलाखत द्यावी लागते. करार आणि दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवणारी व्यक्ती दरवर्षी बदलत राहिली, तर विद्यार्थ्यांनी कुणाच्या हाताखाली तयार व्हायचे?

चौथा मुद्दा विधी सहाय्य केंद्राचा, आणि तो मला सर्वांत जास्त लागतो. वाचनालयाशेजारची ती लहान खोली आज कुलूपबंद आहे आणि तिथे ‘प्लेसमेंट सेल’ होणार असे ऐकते. त्या खोलीत आठवड्यातून एकदा खेड्यांतली माणसे येत. आम्ही त्यांचे म्हणणे लिहून घेत असू, कागद तपासत असू, आणि सरांच्या देखरेखीखाली अर्जाचा मसुदा करत असू. निराधार योजनेचा अर्ज, शिधापत्रिकेतले नाव, घरगुती हिंसाचाराची तक्रार, मजुरीचे थकलेले पैसे. पक्षकार सगळे खरे सांगत नाही, आणि तरी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे लागते, हे मी पाठ्यपुस्तकात नव्हे, त्या खोलीत शिकले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच विधी महाविद्यालयांमध्ये अशी केंद्रे उभी राहावीत यासाठी तरतूद आहे. तो सोयीनुसार चालवायचा किंवा बंद करायचा उपक्रम नाही.

अभिरूप न्यायालयाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावासाठी लुटुपुटीचे खटले चालवण्याच्या विषयाची (मूट कोर्ट) अवस्थाही वेगळी नाही. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात त्या विषयाला १०० गुण आहेत : तीन अभिरूप खटल्यांचे ३०, प्रत्यक्ष न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी खटले पाहून केलेल्या नोंदींचे ३०, पक्षकाराची मुलाखत आणि खटल्याच्या तयारीचे ३०, तोंडी परीक्षेचे १०. तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला शिवाय किमान १२ आठवड्यांची प्रत्यक्ष उमेदवारी (इंटर्नशिप) करावी लागते. आज काय होते? जुन्या वह्या फिरतात, नोंदी उतरवून काढल्या जातात, सह्या होतात. हे मी विद्यार्थ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. न्यायालयात घेऊन जायला शिक्षकच नसेल तर मूल वही उतरवणारच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायाधीश व्हायचे असले तरी आधी कोर्टात उभे राहता आले पाहिजे, अशा काळात कोर्टाशी जोडणारे दोन धागे आपणच तोडत आहोत.

वाचनालयाबद्दल थोडेच लिहिते. न्यायालयीन निकाल छापणाऱ्या बॉम्बे लॉ रिपोर्टरचे जुने खंड दमट खोलीत गठ्ठे बांधून ठेवले आहेत. नवे ग्रंथ मागवणे जवळपास थांबले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालत आहेत आणि पुढची कित्येक वर्षे चालतील. विद्यार्थ्याला दोन्ही कायदे आणि दोन्हींवरचे निकाल हाताशी हवेत. नेमक्या याच वेळी ग्रंथखरेदी थांबावी, हे अनाकलनीय आहे. कामगार कायदे आणि करविषयक पदविका वर्ग बंद पडले, त्याचेही असेच झाले. औद्योगिक वसाहतीतले लेखापाल आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते त्या वर्गांना येत. कुणी विचारले नाही, कुणाला सांगितले नाही.

शेवटचा मुद्दा भाषेचा. नव्या तुकडीच्या माहितीपत्रकात ‘संपूर्ण इंग्रजी माध्यम’ हे वैशिष्ट्य म्हणून छापले आहे. इंग्रजी वकिलाला यायलाच हवे. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, निकाल इंग्रजीत असतात, आणि मी स्वतः ती भाषा मेहनतीने शिकले. पण आपल्या जिल्ह्यातल्या न्यायालयांचे काम मराठीत चालते. साक्ष मराठीत होते, जबाब मराठीत लिहिले जातात, फेरफार आणि पंचनामे मराठीत असतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी मराठीतून उत्तरपत्रिका लिहू शकत होते. दाव्याची कैफियत नेमक्या, निर्दोष मराठीत लिहिता येणे हे कौशल्य आहे, आणि ते शिकवणाऱ्या जागा कमी होत आहेत. मराठी कैफियत नीट न लिहिल्यामुळे चांगली बाजू असलेला माणूस दावा हरतो, असे मी न्यायालयात पाहते.

मंडळाच्या बाजूने काय म्हटले जाईल, याचाही मी विचार केला आहे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम अधिक सखोल आहे, असे म्हटले जाईल. असेलही. १९८० च्या दशकात तो आला, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आज महाराष्ट्रातही मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. पण त्याच बंगळुरूच्या विद्यापीठाने २०२२ साली पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएलबी नव्याने सुरू केला. पदवी घेऊन, थोडे जग पाहून आलेल्या माणसालाही कायद्यात जागा आहे, हे त्यांना पटले. ज्यांचे अनुकरण आपण करू पाहतो त्यांनी जे दार नव्याने उघडले, ते आपण बंद करत आहोत.

दुसरे म्हटले जाईल ते असे की तीन वर्षांचे विद्यार्थी वर्गात येत नाहीत, केवळ पदवीसाठी नाव घालतात. ही तक्रार जुनी आहे. मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात अर्धवेळ शिक्षकांवर चालणाऱ्या विधी महाविद्यालयांवर कडक टीका केली होती, आणि ती रास्त होती. त्यावरचा उपाय म्हणून शिक्षक नेमावेत, ७० टक्के उपस्थितीचा नियम पाळावा, परीक्षा नीट घ्याव्यात. जे वर्गात येतात त्यांचेही शिक्षण बंद करणे हा उपाय होत नाही.

आणि पैसा. संस्था चालवायला पैसा लागतो, इमारत गळते, विजेचे बिल येते, हे आम्हांला कळते. पाच वर्षांच्या तुकड्या आहेत त्या चालू ठेवा, त्यांच्या उत्पन्नातून इमारत दुरुस्त करा. आमचा त्याला विरोध नाही.

एक व्यावहारिक इशाराही द्यावासा वाटतो. बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची बंदी घातली, आणि अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयांनाही नवी तुकडी किंवा नवा अभ्यासक्रम पूर्वपरवानगीशिवाय सुरू करता येणार नाही असे ठरवले. मग बीबीए एलएलबीच्या वाढीव तुकडीला परवानगी मिळाली आहे का? आणि आज बंद केलेली अनुदानित तुकडी उद्या पुन्हा सुरू करावीशी वाटली तर ती परवानगी मिळेल, याची हमी मंडळाला कोण देणार? एकदा गेलेले अनुदानित पद परत येत नाही, हे इतर शाखांच्या महाविद्यालयांनी अनुभवले आहे.

आमच्या मागण्या अशा :

ठरावाची आणि त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत जाहीर करावी, त्यासोबत मागील दहा वर्षांचे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे प्रवेश, रिक्त पदे आणि दोन्ही अभ्यासक्रमांचे शुल्क यांचे आकडेही.

तीन वर्षांच्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश याच वर्षी, मंजूर क्षमतेनुसार सुरू ठेवावेत. वर्गाची वेळ पुन्हा सकाळी आठची करावी.

मंजूर पदे भरण्यासाठी सरकारकडे पाठवलेले प्रस्ताव जाहीर करावेत आणि नवा प्रस्ताव तातडीने पाठवावा. सरकारदरबारी पाठपुराव्यासाठी माजी विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ मंडळासोबत यायला तयार आहे. वशी निकालाची आठवण सरकारला करून देण्यात आम्हांला अभिमान वाटेल.

विधी सहाय्य केंद्राची खोली उघडावी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी जोडून आठवड्यातून किमान एक दिवस केंद्र चालवावे. अभिरूप न्यायालयाचे खटले आणि न्यायालयभेटी खऱ्या अर्थाने व्हाव्यात.

वाचनालयासाठी वार्षिक तरतूद ठरवून ती जाहीर करावी. मराठीतून मसुदालेखनाचा वर्ग दोन्ही अभ्यासक्रमांना असावा.

नियामक मंडळावर माजी विद्यार्थ्यांचा एक आणि जिल्हा वकील संघाचा एक प्रतिनिधी घ्यावा.

यातल्या काही गोष्टींसाठी पैसा लागणार नाही, माणसे लागतील. ती आम्ही देऊ. तालुका आणि जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या आमच्यापैकी अनेकांनी अभिरूप न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसण्याची, विद्यार्थ्यांना सोबत कोर्टात नेण्याची आणि केंद्रात आळीपाळीने हजर राहण्याची लेखी तयारी दाखवली आहे. ती यादी प्राचार्यांकडे दिली आहे. मानधनाची अपेक्षा कुणाचीच नाही.

मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि आम्हांला अर्धा तास म्हणणे मांडू द्यावे, ही विनंती. तोवर प्रवेश न देण्याच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवावी. बैठकीआधी प्रवेशाची मुदत उलटून गेली, तर विद्यापीठाकडे, बार कौन्सिलकडे आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयाकडे जाण्याचे आम्ही ठरवले आहे. ज्या संस्थेने आम्हांला न्यायालयात उभे राहायला शिकवले, तिच्याविरुद्ध तिथे उभे राहण्याची वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून आधी हे पत्र.

कळावे,

आपली एक माजी विद्यार्थिनी,
तालुका न्यायालयात वकिली करणारी